इफेससला भेट, प्रवेश लागू असेल तिथे: तुर्कस्तान सहलीत आमचे 3,96,205 रुपये कसे गेले

आधी आकडा. तीन लाख शहाण्णव हजार दोनशे पाच. यातले 3,19,725 पुण्यातल्या सहल कंपनीला, 29,920 अंतल्याच्या हॉटेलात रोख आणि 46,560 एका गालिच्याला. सगळेच्या सगळे बुडाले असं म्हणणार नाही. विमानात बसलो, हॉटेलात झोपलो, परत आलो. पण ज्यासाठी गेलो ते मिळालं नाही, आणि वर सरकारच्या नावाने घेतलेला करसुद्धा त्यांनी खाल्ला.

मी सांगलीचा. 31 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथलीच आहे. इतकी वर्षं लोकांना बजावलं, पैसे पाठवताना खात्याचं नाव वाचा. आणि पुण्यातल्या त्या ऑफिसात माझ्यापुढे कागद आला तेव्हा त्यावर कंपनीचं नाव वेगळं आणि खात्यावरचं नाव वेगळं होतं. एका माणसाचं नाव, बचत खातं. मी ते वाचलं. न वाचता सही केली असती तर आज इतकं जिव्हारी लागलं नसतं. मी विचारलं, हे कोणाचं? समोरचा मुलगा म्हणाला, "काका, मालकांचंच आहे, परदेशी बुकिंगचं खातं वेगळं ठेवतो आम्ही." बायको शेजारीच होती, पाणी आलं होतं, चहा येत होता. मी मान हलवली. आधी 50,000 एनईएफटीने गेलेच होते, त्या संध्याकाळी उरलेले 2,69,725 आरटीजीएस केले.

त्याच कागदावर दुसरी ओळ होती: "दर्शनीय स्थळांचे प्रवेशशुल्क (लागू असेल तिथे)". तीही विचारली. "सगळ्यांच्याच कागदावर असतं ते, काका." कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणापुढे लिहिलं होतं "भेट". इफेससला (प्राचीन शहराचे अवशेष) भेट, बोडरुमच्या किल्ल्याला भेट. "प्रवेश" हा शब्द एकदाही नव्हता. आता कळतं, तो शब्द टाळूनच कागद बनवला होता.

लोक म्हणतात स्वस्तात मिळतंय म्हणून गेलात. माणशी 1,45,000, वर कर वेगळे, हे स्वस्त आहे का? दुसरीकडे 2,10,000 सांगत होते हे खरं, पण त्यांच्यात इस्तंबूलचे चार दिवस होते, आम्हाला ते नकोच होते. आम्हाला दक्षिणेचा किनारा बघायचा होता. हिने केकोव्हाचा फोटो कापून वहीत चिकटवला होता: समुद्राच्या पाण्यात उभी असलेली प्राचीन लिशियन लोकांची दगडी शवपेटी, वर सिमेनाचा किल्ला. निवृत्तीनंतरची आमची पहिली परदेशवारी, तीही बहुधा एकुलती एक. चौकशी केली नाही असं नाही. दोन ओळखीच्यांना विचारून गेलो होतो.

ऑक्टोबर 2024. पहिल्या संध्याकाळी अंतल्याच्या हॉटेलात तिथल्या गाइडने सगळ्यांना खाली बोलावलं आणि सांगितलं, प्रवेश तिकिटं तुमच्या पॅकेजमध्ये नाहीत, माणशी 160 युरो रोख द्या, नाहीतर बसमध्ये थांबा. पुण्याला फोन लावला, उचलला नाही. परक्या देशात, रात्री नऊ वाजता, तीसेक अनोळखी माणसांत काय करणार? सगळ्यांनी दिले, आम्हीही दिले. दोघांचे 320 युरो, घरून 93.50 च्या भावाने नेलेले.

पुढे प्रत्येक दारावरचा दर मी वहीत लिहून घेतला. इफेसस 40 युरो, पामुक्काले 30, आस्पेंडॉस 15. बेरीज 85. बाकी कुठे तिकीट काढून आत नेलंच नाही. साइड नावाच्या गावातलं अपोलोचं मंदिर समुद्राकाठी उघड्यावरच आहे, तिथं तिकीट नाही. म्हणजे माणशी 75 युरो सरळ खिशात. ही ठिकाणं तुमची तुम्ही केलीत तर तिकीट दारावर मिळतं. कोणाच्याही हातात गठ्ठ्याने पैसे देऊ नका, आणि दिलेच तर पावती घेतल्याशिवाय पाकीट उघडू नका.

आणि आत गेल्यावर वेळ किती? इफेससला 40 मिनिटं. वरच्या दरवाजातून शिरून क्युरेटीस रस्त्याने खाली उतरायचं, सेल्ससच्या ग्रंथालयासमोर फोटो काढायचा, खालच्या दाराने बसमध्ये. दुसऱ्या शतकातली ती इमारत, मुलाने बापाच्या स्मरणार्थ बांधलेली, खाली बापाची कबर. भूकंपात कोसळलेलं दर्शनी बांधकाम 1970 च्या दशकात पुन्हा दगडावर दगड ठेवून उभं केलं. मी सहा महिने यावर वाचत होतो. खांबांमधल्या मूर्तींकडे मान वर करून बघतोय तोवर गाइडची शिट्टी. त्याच दिवशी चामड्याच्या कोटांच्या दुकानात मात्र 2 तास 20 मिनिटं. आधी सफरचंदाचा चहा, मग फॅशन शो, मग दार लावून प्रत्येकाच्या अंगावर कोट. तिथेच समजायला हवं होतं की ही सहल दुकानदारांच्या कमिशनवर चालते. युरोपातून येणाऱ्यांनाही या किनाऱ्यावर अशा स्वस्त सहली विकतात हे मला परत आल्यावर कळलं.

केकोव्हाची बोट रद्द झाली. "समुद्र खवळलाय." समुद्र काचेसारखा होता, धक्क्यावरून दुसऱ्या बोटी सुटत होत्या. आम्हाला सोन्याच्या दुकानात नेलं. हिने त्या दिवशी काही खाल्लं नाही.

बोडरुमचा किल्ला "दुरुस्तीसाठी बंद". सेंट जॉनच्या सरदारांनी पंधराव्या शतकात बांधलेला, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या हालिकार्नासच्या समाधीचे दगड वापरून. आत बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय आहे, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या उलुबुरुन जहाजावरचा माल तिथे ठेवलाय. बंदरावरून बघतोय तर तटावर माणसं फिरताहेत. मी गाइडला बोट करून दाखवलं. तो म्हणाला, ते कामगार आहेत. हातात आइस्क्रीम घेतलेले कामगार! मी एकटाच भांडलो. बाकीचे म्हणाले, जाऊ द्या हो, जेवायला उशीर होतोय. तेव्हा सगळ्यांनी एकदम आवाज केला असता तर दार उघडलं असतं, असं मला आजही वाटतं.

गालिच्याचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पामुक्कालेहून निघाल्यावर विणकामाच्या "सहकारी केंद्रात" नेलं. गरम पाण्यात कोश टाकून रेशीम काढून दाखवलं, ते खरंच होतं. त्यामुळेच फसलो. मग तीन बाय दोनचा "हेरेकेचा शुद्ध रेशमी" गालिचा 480 युरोला. हेरेके हे एकोणिसाव्या शतकापासून उस्मानी सुलतानांच्या कारखान्याचं गाव, नाव मी वाचलेलं होतं. त्या वाचनाचाच त्यांना उपयोग झाला. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं "हेरेके प्रकारचा". प्रकारचा! परत एकदा तोच खेळ. कार्ड घासताना यंत्रावर विचारलं होतं, रुपये की युरो. विक्रेत्याने माझ्यासाठी स्वतःच रुपये दाबलं. 91 च्या आसपास भाव असताना 97 ने लागले, 46,560. परदेशात कार्ड वापरताना रुपये नको, किंमत ज्या चलनात सांगितली तेच निवडा आणि बटण स्वतः दाबा.

घरी आल्यावर आमच्या ओळखीच्या पैठणीवाल्याने कडेचा एक धागा ओढून जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. याला कागद जळल्याचा आला. त्याने काही न बोलता गालिचा गुंडाळून हातात दिला.

आता टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन आपल्या नावाने सरकारात भरायचा आयकर. परदेशी सहलीवर त्या वेळी 5 टक्के होता, आमच्याकडून 15,225 घेतले. जुलै 2025 मध्ये विवरणपत्र भरताना 26एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा) उघडला, तर नोंदच नाही. म्हणजे भरलाच नाही. पावतीवर टॅन (कर गोळा करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) हाही नव्हता, तोही मला पाच मिनिटांत दिसायला हवा होता. बुकिंगनंतर तीन-चार महिन्यांनी स्वतःच्या नावावरचा हा उतारा तपासा, आणि टीसीएसचं प्रमाणपत्र (आमच्या वेळी त्याला 27डी म्हणत) मागा. न देणारा कर खाणारा आहे.

तक्रारीचं तर विचारू नका. सांगलीच्या ठाण्यात सांगितलं, कंपनी पुण्याची, हद्द पुण्याची. पुण्याच्या ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, तुम्ही सहलीला जाऊन आलात ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. पैसे दुसऱ्याच नावाच्या खात्यात गेलेत, हे बघा, म्हटलं. "तुम्हीच पाठवलेत ना?" आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर रक्कम लहान. तीन लाख वीस हजार लहान! पंधरा वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे आहेत ते. बँकेने उत्तर दिलं की व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला. आयकर खात्याला लिहिलं, ज्याने कर घेतला त्याच्याकडे मागा असं उत्तर आलं. अहो, तो फोन उचलत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? त्याने कर चोरला तो सरकारचा, माझ्या नावावरचा. सरकारला त्याची चीड यायला नको का? ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, काही आठवड्यांनी "कंपनीने प्रतिसाद दिला नाही" असा शेरा मारून बंद. कंपनी प्रतिसाद देत नाही हीच तर तक्रार होती.

कंपनीचा एकच फोन आला, मे 2025 नंतर. तुर्कस्तानवर आपल्याकडे बहिष्कार सुरू झाला होता, तोच आडोसा: "काका, आता तिकडच्यांशी संबंधच तोडलेत, आम्ही काय करणार?" नातेवाईक तर अजून ऐकवतात, त्या देशात गेलातच कशाला. आम्ही सात महिने आधी गेलो होतो हे कोणाकोणाला सांगत बसू?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः अर्ज केला. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पहिल्या तारखेला समोरचं कोणी आलं नाही. मी दरांची वही, "लागू असेल तिथे" वाला कागद, आरटीजीएसची पावती आणि कोरा 26एएस जोडलाय. गालिचाही घेऊन गेलो होतो. कारकुनाने सांगितलं, वस्तू आत नेता येत नाही, फोटो लावा. पुढच्या तारखेसाठी परवा फोटो काढले.