घरच्यांसोबत मासेमारीसाठी छोटी बोट: ॲल्युमिनियमची घ्यावी की फायबरची?

सुट्टीच्या दिवशी घरच्या चौघांनी मिळून गळ टाकायचा, एवढ्यासाठी बोट हवी असेल तर शोध 12 ते 16 फुटांच्या आसपासच राहतो. या मापात खरी निवड दोन प्रकारांत असते, ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर. हवा भरायच्या बोटीही मिळतात, पण गळाचे आकडे, माशांचे काटे आणि लहान मुलं एकत्र असताना ती बोट घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

बहुतेक जण बोट पाण्यावर कशी चालते ते बघून ठरवतात. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि माझं म्हणणं वेगळं आहे. बोट महिन्यातून चार-पाच वेळा पाण्यावर जाणार. उरलेले पंचवीस दिवस ती कुठे उभी राहणार, हे आधी बघा. देखभालीचं काम वाढतं किंवा कमी होतं ते त्यावर.

तरीही पाण्यावरचा फरक सांगायलाच हवा, कारण तो मुलांना लगेच जाणवतो. फायबरची बोट जड असते, त्यामुळे लाट कापत शांतपणे जाते आणि एका जागी थांबून गळ टाकताना वाऱ्याने फारशी भरकटत नाही. ॲल्युमिनियमची हलकी; जरा वारा सुटला की तिचं तोंड फिरतं आणि लाटांचे फटके तळाला थेट बसतात. शिवाय पत्र्याचा आवाज. पक्कड हातातून निसटून तळाशी पडली की तो दणका पाण्यात खोलवर जातो आणि उथळ पाण्यातले मासे पांगतात. तळाला रबरी चटई अंथरली की हे बरंच कमी होतं. मात्र ती चटई सुटी ठेवा, चिकटवू नका. का, ते पुढे येईलच.

आता हलकेपणाची दुसरी बाजू. 14 फुटी रिव्हेटची (म्हणजे पत्रे ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांनी जोडलेली) ॲल्युमिनियम बोट रिकामी साधारण 100 ते 150 किलो भरते. दोन मोठी माणसं ती काठावर ओढू शकतात, ट्रेलर लहान चालतो, इंजिनही कमी ताकदीचं पुरतं. दगडावर आपटली तर पोचा येतो, पण भोक सहसा पडत नाही. फायबरचा तळ दगडावर घासला की वरचा गुळगुळीत थर, जेलकोट, टवका होऊन निघतो. तो वेळेत बुजवला नाही तर आतले थर पाणी पीत राहतात. ही दुरुस्ती मात्र घरी जमते. जागा पूर्ण वाळवायची, घासायची, रेझिन (वाळून कडक होणारा राळेसारखा द्रव) आणि काचतंतूंचा कपडा लावायचा. ॲल्युमिनियमला तडा गेला तर त्या धातूचं वेल्डिंग येणारा माणूस गाठावा लागतो.

पाणी गोडं की खारं, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्यात दुसऱ्या धातूची संगत सोसत नाही. आमच्या पहिल्या बोटीत मुलांच्या डब्यातलं गळाचं शिसं फळ्यांच्या फटीतून खाली गेलं आणि हंगामभर तिथल्या ओलीत पडून राहिलं. फळी उचलली तेव्हा शिशाभोवती पांढरी भुकटी साचली होती. ती पुसली तर खाली पत्र्याला खड्डा, नखाने चाचपला तर नख अडकेल इतका खोल. तांब्याची तार किंवा नाणं असतं तरी हेच झालं असतं. म्हणूनच चटई सुटी हवी. दर फेरीनंतर ती उचलून खालचं सगळं वेचायचं, धुवायचं, वाळवायचं. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे बोटीला जोडायचे धातूचे ठोकळे, लावा, गोड्यासाठी मॅग्नेशियमचे. आपण झिजून ते बोटीला वाचवतात. तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांबं असलेला रंग ॲल्युमिनियमला कधीच लावू नका.

फायबरला गंज नाही, पण तिचं दुखणं लपलेलं असतं. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात, तिच्या पोटात पुष्कळदा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि वरून रंग चकचकीत दिसतो. उन्हात पडून जेलकोट खडूसारखा पांढरट होतो. वर्षातून एकदा घासून मेण लावलं आणि वर आच्छादन ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतो.

इंजिनाचं काम दोन्हीकडे सारखंच. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने आतून धुवायचं. गिअरचं तेल वर्षातून एकदा किंवा 100 तासांनी बदलायचं. ते दुधासारखं निघालं तर आत पाणी शिरतंय असं समजा. ट्रेलर काठावर पोचल्या पोचल्या पाण्यात घालू नका. चाकाचा तापलेला हब, म्हणजे मधला तुंबा, एकदम थंड झाला की पाणी आत ओढून घेतो आणि बेअरिंग जातं.

माणसं किती बसवायची, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. बोटीवर कंपनीची पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा अखेरचा. पाटी नसेल तर 20 फुटांखालच्या बोटीसाठी लांबी आणि रुंदी फुटांत गुणून 15 ने भागतात. 14 बाय 5 ची बोट म्हणजे चार माणसं, तीही शांत पाण्यात. प्रत्येकाच्या अंगात मापाचं लाइफ जॅकेट हवं, मुलांना मोठ्यांचं चालत नाही.

तर माझी निवड अशी. बोट दर वेळी घरी आणणार आणि जास्त करून तलाव-नदीत जाणार असाल तर ॲल्युमिनियम घ्या. हंगामभर खाऱ्या पाण्यात नांगरून ठेवणार असाल तर फायबर. उघड्यावर ठेवणार असाल तर पावसाचाही हिशेब करा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद तळावर 10 सेंटिमीटर पाणी साचलं तर ते 400 किलो होतं. ट्रेलरवर असताना पाणी काढायच्या भोकाचं बूच काढून पुढचं टोक उंच ठेवायचं आणि पाण्यात उतरवण्याआधी बूच लागलंय का ते दोघांनी बघायचं.

जुनी बोट बघायला गेलात तर फायबरच्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने हळूहळू ठोकत जा. टणक आवाज मधेच बोदा झाला की तिथे लाकूड कुजलंय. रिव्हेटच्या ॲल्युमिनियम बोटीत, ती ट्रेलरवर असतानाच, चार बोटं पाणी ओता आणि खाली वाकून बघा. सैल झालेला रिव्हेट थेंब टाकायला लागेल. त्याच्याभोवती खडूने गोल करत जा आणि गोल मोजून मगच भावाचं बोला.