पहिल्या फेरीचे परीक्षक: सारेगमप, आयडॉल आणि व्हॉइस

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची महाअंतिम फेरी सगळेच बघतात, पण परीक्षकांचा कस लागतो तो सुरुवातीच्या भागांत. समोर अनोळखी गळा, हातात जेमतेम दीड मिनिट, आणि तेवढ्यात ठरवायचं की हा आवाज पुढच्या तीन-चार महिन्यांत वाढेल की इथेच थांबेल. आपल्याकडे यासाठी तीन पद्धती रुळल्या आहेत: 'सारेगमप'ची स्वरांनी गुण देण्याची, 'आयडॉल'ची ऑडिशनची खोली आणि 'द व्हॉइस'च्या पाठमोऱ्या खुर्च्या. पहिल्या फेरीपुरतं बोलायचं तर आमचा कौल 'सारेगमप'ला, आणि त्यातही झी मराठीवरच्या २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'ला.

त्या पर्वात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते, सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचं. गुण आकड्यांत नसत, स्वरांत असत. खालच्या सा पासून नी पर्यंत, आणि गाणं खरोखरच असामान्य झालं तर वरचा सा. कल्पना देखणी आहे, ऐकणाऱ्याला लगेच कळते. अडचण अशी की लहान मुलाला सा किंवा रे द्यायला कुणाचाही हात धजावत नाही. त्यामुळे शिडी सात पायऱ्यांची असली तरी वापरात येतात वरच्या तीनच: प, ध आणि नी. मग 'ध' मिळालेली दोन गाणी शेजारी ठेवली तर एकात अंतऱ्याला श्वास तुटलेला असतो, दुसऱ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निसटलेली असते, आणि गुण मात्र सारखेच. म्हणजे नुसत्या स्वरावरून मुलाला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. ते कळतं शेऱ्यातून, आणि या पर्वाचा मोठेपणा तिथेच आहे.

आळंदीच्या कार्तिकी गायकवाडचा अभंगाला साजेसा मोकळा, खडा आवाज, रत्नागिरीकडच्या प्रथमेश लघाटेची नाट्यसंगीताची तयारी, लातूरच्या रोहित राऊतचा पाश्चात्त्य ढंग. या तिघांना एकच पट्टी लावून मोजलं असतं तर कुणावर तरी अन्याय झालाच असता. परीक्षकांनी ज्याचा जो बाज आहे तो आधी मान्य केला आणि मग त्या बाजात काय कमी पडलं ते सांगितलं. अभंग गाणाऱ्या मुलीकडून गझलेची नजाकत मागायची नाही, पण टाळाच्या लयीत शब्द मागे ओढले गेले तर तिथे थांबवायचं. पहिल्या फेरीत एवढं जमलं तरी पुष्कळ.

आता दोष नेमके कुठे दिसतात ते पाहू. सगळ्यात आधी गडबड होते ती पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा याची. घाबरलेला गायक बहुतेक वेळा चढी पट्टी धरतो. काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून) आरामात गाणारा मुलगा काळी दोनमध्ये सुरू करतो. ध्रुवपद निभावतं, कारण ते मध्य सप्तकात फिरत असतं. अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, निघाला की गळा आवळतो, स्वर पातळ होतो आणि 'हाय नोट लागली नाही' असा शेरा पडतो. हा शेरा अर्धवट आहे. चांगला परीक्षक म्हणतो, 'एक पूर्ण स्वर खाली घे आणि फक्त अंतरा म्हण.' वीस सेकंदांत उत्तर मिळतं: खाली घेतल्यावर स्वर नीट लागला तर चूक निवडीची, नाही लागला तर चूक गळ्याची. पहिली एका दिवसात सुटते, दुसरीला वर्ष लागतं. पुढच्या फेरीत कोणाला घ्यायचं याचा अर्धा निर्णय इथेच होतो.

आयडॉलच्या सुरुवातीच्या पर्वांत ऑडिशनच्या खोलीत वाद्यांची साथ नसायची, गायक कोरडा गायचा. २००४ च्या पहिल्या 'इंडियन आयडॉल'मध्ये अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान यांच्यासमोर असंच गाणं झालं आणि त्यातून अभिजीत सावंत पुढे विजेता ठरला. सूर तपासायला साथीशिवाय गाण्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. आधाराला काहीच नसल्यामुळे कच्चा गळा हळूहळू घसरतो, आणि अंतऱ्यावरून परत ध्रुवपदावर येतो तेव्हा मूळ षड्जाच्या अर्धा स्वर खाली आलेला असतो. गाणाऱ्याला पत्ताच नसतो, घरी बसलेल्यालाही कळत नाही. परीक्षकाने मात्र पहिला सा कानात धरून ठेवायला हवा. पद्धत चांगली असूनही आयडॉलला आम्ही मागे ठेवतो, कारण प्रक्षेपणातला बराच वेळ बेसूर गाणाऱ्यांची फजिती दाखवण्यात जातो. निर्मिती संस्थेच्या चाळणीतून आलेला माणूस कॅमेऱ्यासमोर हसं व्हावं म्हणून आत सोडला असेल, तर ते परीक्षण नव्हे. त्याने गाण्याचंही भलं होत नाही आणि त्या माणसाचंही.

२०२१ मध्ये सोनी मराठीवर आलेल्या 'इंडियन आयडॉल मराठी'त अजय-अतुल बसले. संगीतकार परीक्षक असला की कान शब्दफेकीकडे जातो, आणि मराठीत हे फार महत्त्वाचं आहे. 'माझा' मधला झ दातांजवळचा, 'माझी' मधला टाळूचा. 'चांदणं' आणि 'चंद्र' यांतले च वेगळे. इंग्रजी माध्यमात शिकलेली, हिंदी गाण्यांवर वाढलेली मुलं सगळे च-ज-झ टाळूलाच लावतात. सूर पक्का असूनही भावगीत परकं वाटतं ते यामुळे. ही चूक पहिल्याच फेरीत कुणी दाखवली नाही तर शेवटपर्यंत तशीच राहते.

एक बारीक गोष्ट परीक्षकांच्या बाजूनेही चुकते. तंबोऱ्यावर तयार झालेल्या गळ्याचा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तोच. ज्याचा कान कीबोर्डवरच घडला आहे असा परीक्षक त्याला 'किंचित उतरलाय' म्हणतो. शास्त्रीय शिकलेल्या मुलांना हा शेरा नाहक ऐकावा लागतो. उलट, वाद्यवृंदाबरोबर गाताना त्याच मुलाने तो फरक सांभाळायला शिकलं पाहिजे, हेही खरंच. परीक्षकाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या तर मुलगा गोंधळत नाही.

'द व्हॉइस'मध्ये परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात, आवाज आवडला तर बटण दाबून खुर्ची वळवतात आणि त्याला आपल्या टीममध्ये घेतात. या पाठमोऱ्या खुर्च्यांचं कौतुक एका गोष्टीसाठी करावंच लागेल: चेहरा, कपडे, गाव, कहाणी यांपैकी काहीही निर्णयाच्या आड येत नाही. फक्त आवाजाची जात ऐकू येते. पण बटण दाबायचं असल्यामुळे गाणंच बदलतं. स्पर्धक अशी जागा निवडतात की पहिल्या चाळीस सेकंदांत एक उंच स्वर यावा. खर्जातली (खालच्या स्वरांतली) भरीव, संथ गायकी इथे हरते. दुसरं म्हणजे टीममधल्या जागा मोजक्या. सुरुवातीला खुर्ची सहज वळते, जागा भरत आल्या की तेवढ्याच गळ्याला नकार मिळतो. मग न वळलेले चौघं 'छान होतं, पण काहीतरी कमी वाटलं' एवढंच बोलतात. हा शेरा घेऊन मुलाने घरी जाऊन करायचं काय?

आधी कोण, नंतर कोण, या क्रमाचा प्रश्न फक्त टीव्हीचा नाही, आणि दर वेळी फायदा आधी येणाऱ्याचाच होतो असंही नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागे पडतात, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पहिल्या गाण्याला हात राखून गुण दिले जातात, कारण पुढे काय येणार ते माहीत नसतं. यावर साधा उपाय आहे: चार-पाच गाणी होईपर्यंत गुण जाहीर करायचे नाहीत, शेरा मात्र लगेच द्यायचा.

'लिटिल चॅम्प्स' २०२१ मध्ये परत आलं तेव्हा कार्तिकी, प्रथमेश, रोहित, आर्या आंबेकर आणि मुग्धा वैशंपायन हे त्या जुन्या पर्वातले पाचही जण ज्युरी म्हणून बसले. स्टेजवर पाय कसे थरथरतात हे त्यांना ठाऊक, त्यामुळे मुलं मोकळी होत. दोष दाखवताना मात्र आवाज फार मऊ वाटला. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर 'छान गायलास' पेक्षा 'सहा महिने वरच्या पट्टीत गाऊ नकोस' हे जास्त प्रेमाचं वाक्य आहे.

टीव्हीवर ऐकू येतं ते जसंच्या तसं असतं असंही धरू नये. २०१० मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर'च्या ऑडिशनच्या आवाजावर ऑटो-ट्यून (सूर यंत्राने दुरुस्त करणारं तंत्र) वापरल्याचं उघड झालं आणि तिथे मोठा वाद झाला. आवाजाला अशी इस्त्री जोरात फिरवली असेल तर मींडेवरून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यावरून, ओळखता येते. सा वरून प कडे जाताना स्वर घसरत नाही, पायऱ्या चढल्यासारखा टप्प्याटप्प्याने जातो.

जुने भाग सापडले तर फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावून बघा. स्पर्धकाचा पहिला सा जुळवून घ्या, गाणं सुरू असेपर्यंत ॲपचा आवाज बंद ठेवा, आणि तो शेवटच्या ध्रुवपदावर आला की पुन्हा चालू करा. जुळलं की नाही ते तुमच्या कानाला आधी कळेल, मग परीक्षकांचा शेरा ऐका.