प्रेसमध्ये बोट गेल्यानंतर: ईएसआयच्या अपघात लाभाचा आमचा अनुभव

माझा धाकटा भाऊ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे यंत्र, चालवत होता. २०२२ च्या पावसाळ्यात, कामाला लागून जेमतेम सात आठवडे झाले असताना, रात्रपाळीत त्याच्या उजव्या तर्जनीची दोन पेरे डायखाली, म्हणजे यंत्राच्या साच्याखाली, गेली. पुढे आम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात तिचा, अपघात लाभ घेतला. हे परीक्षण त्या काळच्या नियमांनुसार लिहिले आहे.

सात आठवड्यांच्या नोकरीवर काय मिळणार, ही आमची पहिली भीती होती आणि ती निराधार निघाली. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या दुखापतीला मात्र ती अट नाही, पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी कामगाराचा हक्क शाबूत असतो. आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, दुखापतीत ९० टक्के, आणि तीही डॉक्टर कामाला अयोग्य ठरवतील तितके दिवस, रविवार धरून. कामगाराच्या पगारातून यासाठी ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, हे पाहता एवढे संरक्षण देणारी दुसरी कोणतीही पॉलिसी माझ्या पाहण्यात नाही.

खरी अडचण कारखान्यात होती. मालकाने दुसऱ्याच दिवशी घरी येऊन सांगितले की खासगी दवाखान्याचे बिल मी भरतो, वर दहा हजार देतो, कागद कशाला वाढवता? आई जवळजवळ तयार झाली होती. आम्ही नकार दिला, याचे समाधान मला आजही वाटते, कारण दहा हजार घेऊन गप्प बसलो असतो तर अपघाताची नोंदच झाली नसती आणि पुढचा एकही हक्क सिद्ध करता आला नसता. अंगच्छेद झालेल्या दुखापतीचा अहवाल मालकाने ईएसआयच्या शाखा कार्यालयाला आणि विमा दवाखान्याच्या डॉक्टरांना ताबडतोब पाठवायचा असतो. आमच्या बाबतीत तो नऊ दिवसांनी, आम्ही लेखी मागणी केल्यावर गेला. अपघात वहीत सुपरवायझरने निळ्या शाईने ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून ठेवले होते. उत्पादन वाढावे म्हणून त्या प्रेसचा सेन्सर, म्हणजे हात आत असताना यंत्र थांबवणारी सोय, बंद केलेला होता, त्याचा मात्र वहीत उल्लेख नव्हता. तो शेरा वाचून भावाचा चेहरा उतरला; पण काम करताना झालेल्या अपघातात कामगाराची चूक काढून हा लाभ नाकारता येत नाही, हे दवाखान्यातील एका जुन्या कारकुनांनी समजावून सांगितले तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

मोठा फटका बसला तो पगारचिठ्ठीमुळे. ओव्हरटाइम ठेकेदार पाकिटातून रोख देत असे. योजनेच्या नियमानुसार ओव्हरटाइमवरही वर्गणी भरायची असते आणि लाभाच्या हिशेबातही तो धरला जातो. पण चिठ्ठीवर नसलेला पैसा हिशेबात येणार कसा? चिठ्ठीवरून रोजची सरासरी ५०० रुपये निघाली, म्हणून दिवसाला ४५० रुपये मिळाले. पाकिटातले पैसे धरले असते तर ती सरासरी साडेसहाशेच्या घरात गेली असती. रोख मिळतो म्हणून ओव्हरटाइमवर खूश होणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरने हा फरक एकदा कागदावर मांडून पाहावा.

रजा चालू असताना ठेकेदाराचा निरोप आला की सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो. हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या ईएसआय कायद्याचे कलम ७३ सांगत होते. ते कलम लिहून पत्र पाठवल्यावर निरोप थांबले. एका मध्यस्थाने तर १९२३ च्या भरपाई कायद्याखालीही, म्हणजे ज्यात दुखापतीचे पैसे थेट मालकाने द्यायचे असत त्याखालीही, दावा लावून दोन्हीकडून पैसे काढून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली होती. विमा असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून दुसरी भरपाई मागता येत नाही, त्यामुळे अशा माणसाला दारातूनच परत पाठवावे.

योजनेतही त्रुटी आहेत. महिना २१,००० रुपयांची पगारमर्यादा २०१७ पासूनची होती, आणि ती ओलांडणारा कामगार या छत्राबाहेर पडून १९२३ च्या कायद्याकडे ढकलला जात असे. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मीच मजुरी मिळे, आणि मालकाने ती दिली नाही तर भांडत बसावे लागे. प्रेसवर दहा वर्षे काढलेल्या कुशल माणसाला पगार वाढला म्हणून संरक्षण कमी व्हावे, हे मला अन्यायाचे वाटते.

पुढे कायमचे अपंगत्व किती ते ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे भावाने हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी बोट वाकवून पाहिले, त्याला शर्टाचे बटण लावायला सांगितले, आणि ते त्याला तिसऱ्या प्रयत्नात जमले. तर्जनीच्या दोन पेरांसाठी कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतील ११ टक्के घट धरली आहे, त्याप्रमाणे ४५० च्या ११ टक्के म्हणजे रोजचे ४९ रुपये ५० पैसे त्याला आयुष्यभरासाठी मंजूर झाले. तीस दिवसांच्या महिन्याला ते १,४८५ रुपये होतात. भाऊ आता दुसऱ्या कंपनीत तपासणी विभागात काम करतो, आणि दर महिन्याला पगारचिठ्ठी हातात आली की सर्वांत आधी ईएसआयच्या कपातीची ओळ पाहतो.