रेफाइंड: डीटीपीच्या मशीनवर विंडोज आणि डेबियन दोन्ही हवंय? मग हे टाकाच

सरळच सांगते, एकाच डेस्कटॉपवर दोन-तीन सिस्टिम नांदवायच्या असतील तर रेफाइंड टाका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपी ऑफिसात (म्हणजे पुस्तकांची पानं संगणकावर लावायचं काम) सकाळी मशीन चालू केलं की पहिलं तेच दिसतं, दोन मोठी चित्रं, एक विंडोजचं एक डेबियनचं (लिनक्सचाच एक प्रकार), बाणाने निवडा आणि एंटर मारा, बास. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, रेफाइंड म्हणजे बूट मॅनेजर, मशीन सुरू होताना आज कुठल्या सिस्टिममध्ये जायचं ते विचारणारा प्रोग्राम. रॉड स्मिथ यांनी २०१२ मध्ये आधीच्या रेफिट नावाच्या प्रोग्रामवरून तो पुढे नेला. रेफिट मुख्यतः मॅकसाठी होता, हा कुठल्याही यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेली, मशीन सुरू करणारी व्यवस्था) मशीनवर चालतो, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांतला जवळपास कुठलाही पीसी.

आता कुणी म्हणेल डीटीपीला लिनक्स हवंय कशाला. तर कसंय, पानं लावायचं इनडिझाइन फक्त विंडोज आणि मॅकवर चालतं त्यामुळे विंडोजला पर्याय नाही, युनिकोड मराठी (फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहतात ती) त्यात वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सेटिंग लावली की व्यवस्थित बसतं. पण अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांनी प्रकाशकांची कामं केलीत त्यांना माहितीये, निम्म्या फाइली जुन्या असतात. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असते आणि हातात येते पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल, मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला, फॉन्ट नसला की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे नुसतं हे अक्षर काढून ते टाकणं नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचं बरोब्बर उलटं, जुन्यात तो अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी. ‘कार्तिक’ सारख्या एका शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर येतात आणि स्क्रिप्ट नीट लिहिलेली नसेल तर तिथे हमखास घोटाळा होतो. हे सगळं काम, शिवाय स्कॅन केलेल्या पानांचं टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात आणणं, शेकडो फाइलींची नावं एकदम बदलणं, हे लिनक्सच्या टर्मिनलवर इतकं सुटसुटीत होतं की एकदा सवय लागली की दुसरीकडे करवतच नाही. आणि तिसरं म्हणजे खुद्द पेजमेकर. शेवटचं व्हर्जन सात, २००१ सालचं. त्याच्यासाठी विंडोज एक्सपी लागतं, त्याचं पुढे सांगते.

मशीन टिळक रोडच्या बाजूला एका दुकानातून असेंबल करून घेतलं. तिथल्या माणसाने आधी ऐकवलं की दोन ओएस टाकल्या तर वॉरंटी जाईल. असं काही नसतं, हार्डवेअरच्या वॉरंटीचा आणि डिस्कवर काय टाकलंय त्याचा संबंध नाही, कुणी असं सांगितलं तर शांतपणे लिहून मागा. महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे, आणि रेफाइंडइतकीच ती मनापासून सांगते: एका डिस्कचे तुकडे पाडत बसू नका, दोन वेगळ्या एसएसडी घ्या. एकीवर विंडोज, एकीवर डेबियन. आणि विंडोज टाकताना दुसरी एसएसडी काढून ठेवायला सांगा, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर आधीच ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा कप्पा) दिसलं तर तो आपल्या बूटच्या फाइली तिथेच नेऊन ठेवू शकतो, आणि मग पुढे ती डिस्क काढली की विंडोजही उठत नाही. दोघांची ईएफआय पार्टिशनं वेगवेगळी असली की एक डिस्क मेली तरी दुसरी आपली आपण चालू होते. दिवाळी अंकाच्या दिवसांत, एकेक फर्मा (एका मोठ्या कागदावर छापायच्या पानांचा गट) प्रेसला जायचा असतो तेव्हा, ही गोष्ट किती मोलाची आहे ते सांगायला नको.

रेफाइंड मी डेबियनमधूनच टाकलं, डेबियनच्या भांडारात ते आहे, इन्स्टॉल करताना विचारतं ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू का, हो म्हणायचं, झालं. याची खुबी अशी की ते कुठली ठरलेली यादी धरून बसत नाही. दर वेळी मशीन चालू झालं की सगळ्या डिस्का स्वतः धुंडाळतं आणि जे बूट होऊ शकतं त्याचं चित्र दाखवतं. यूएसबीवर नवीन लिनक्स घालून पेनड्राइव्ह लावला की त्याचंही चित्र लगेच हजर. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्सबरोबर सहसा येणाऱ्या बूट प्रोग्राममध्ये, असं नाही, ग्रबची यादी आधी तयार करावी लागते, आणि २०२१ च्या २.०६ व्हर्जनपासून तर दुसऱ्या सिस्टिम शोधणारा भाग मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे लोक विचारत राहतात की विंडोज गेलं कुठे. ते कुठेही गेलेलं नसतं, यादीत नाव आलेलं नसतं एवढंच.

दुसरं आवडलेलं म्हणजे ते लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, थेट उचलतं, मध्ये ग्रबची गरजच नाही. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वाचायचा ड्रायव्हर बरोबर येतो, त्यामुळे कर्नल नेहमीच्या जागी राहतो आणि अपडेट झाला की नवीन आपोआप सापडतो. जुना कर्नल हवा असेल तर डेबियनच्या चित्रावर एफ२ दाबा, आतला मेनू उघडतो. पेठेत गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे सगळ्यांना ठाऊक आहेच, यूपीएसची बॅटरी थकली की अपडेट चालू असताना मशीन बंद पडू शकतं, तेव्हा मागचा कर्नल एका बटणावर असणं फार बरं वाटतं. मात्र डेबियन टाकताना एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा वाटायची लिनक्सची एक पद्धत) निवडलंत तर रेफाइंडला आतलं वाचता येत नाही, तेव्हा बूट पार्टिशन वेगळं आणि उघडं ठेवा.

आता चित्रांबद्दल. मोठी चित्रं १२८ बाय १२८ ची साधी पीएनजी असतात आणि आपली आपण बदलता येतात. ऑफिसातल्या मुलीला विंडोज-डेबियन या नावांशी देणंघेणं नाही, तिला पानं लावायचीत. म्हणून मी दोन चित्रं स्वतः केली, एकावर मोठ्या ठसठशीत अक्षरात ‘पानं’ आणि दुसऱ्यावर ‘फाइली’, आता ती विचारतच नाही. पहिल्या दिवशी फक्त म्हणाली, ताई, आज पानं का फाइली? तेवढं पुरे. हे चित्रातून करावं लागतं कारण रेफाइंडच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, चित्राखाली जी ओळ येते ती इंग्रजीतच राहते. २०१२ पासून चालत आलेल्या इतक्या चांगल्या प्रोग्राममध्ये आपल्या लिपीला जागा नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, फॉन्ट एका चित्रात ठरलेल्या मापाच्या अक्षरांचा असतो, जोडाक्षरं त्यात बसणं अवघडच.

सुरुवातीला पडद्यावर गरजेपेक्षा जास्त चित्रं येतात, डेबियनच दोनदा, एकदा ग्रबमार्गे एकदा थेट. नको असलेल्या चित्रावर जाऊन वजाचं बटण दाबा, ते लपतं, नंतर परत आणता येतं. आपोआप बूट व्हायला मुळात २० सेकंद ठेवलेली असतात, ती कॉन्फिग फाइलमध्ये कमी करा. मी काही निवड ठरवून ठेवलेली नाही, त्यामुळे शेवटचं जे वापरलं तेच ते पुढच्या वेळी पुढे करतं, सलग चार दिवस पानांचं काम असलं की हात लावायची गरज नाही.

तक्रारी? आहेत. विंडोजचा एखादा मोठा अपडेट येतो आणि बूटच्या क्रमात स्वतःला वर नेऊन बसवतो, मग रेफाइंड दिसेनासं होतं. घाबरायचं नाही, बोर्डाच्या बूट मेनूतून, कुठे एफ८ कुठे एफ११ कुठे एफ१२, डेबियनच्या डिस्कवरून चालू करायचं आणि रेफाइंडबरोबर येणारी रेफाइंड-एमकेडिफॉल्ट ही कमांड चालवायची, ते परत पहिल्या नंबरावर येतं. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेले प्रोग्रामच मशीन सुरू करू देणारी सोय, हा खरा डोकेदुखीचा भाग. चालू ठेवून रेफाइंड वापरता येतं, शिम नावाचा मधला दुवा लागतो आणि किल्ल्या नोंदवाव्या लागतात, पण नवख्या माणसाने एकट्याने करावं असं ते काम नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर कित्येकांचं लिनक्स सिक्युअर बूटमुळे उठेना, ते आठवत असेल. विंडोज ११ ला सिक्युअर बूटची सोय असलेलं मशीन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, पण सिक्युअर बूट बंद केलं तरी ते चालतं. आमच्याकडे बंद आहे. तुमच्याकडे लोकांचा खाजगी डेटा असेल तर मात्र जाणत्या माणसाला बसवून चालूच ठेवा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बूटची वाट बदलली की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी कागदावर उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मगच रेफाइंडला हात लावा.

काही गोष्टींत रेफाइंडचा दोष नाही पण दोन सिस्टिम ठेवल्या की त्या येतातच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्याच्या डिस्कवर डेबियनमधून लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे होतं, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, एका कमांडने लिनक्सला इथली वेळ धरायला सांगता येतं. आणि एक खास आपल्या लोकांसाठी, कारण हे मी कुठे लिहिलेलं बघितलं नाही: फाइलचं नाव मराठीत लांबलचक ठेवायची सवय असेल तर ईएक्सटी४ वर अडेल. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या धरून ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हं मावतात, त्यामुळे ‘अंतिम मुद्रितशोधनानंतर लेखिकेने सुचवलेल्या दुरुस्त्यांसह प्रकरण सातवे’ छापाची नावं, मागे तारीख आणि पुढे पुस्तकाचं नाव जोडलेली, तिकडे सुखाने राहतात आणि डेबियनच्या डिस्कवर कॉपी करताना नकार मिळतो. आम्ही दोघांत वाटायची डिस्क एनटीएफएसच ठेवलीय, २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून लिनक्समध्ये एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर आलाय, काम छान चालतं.

राहिलं पेजमेकर. त्याचं चित्र रेफाइंडमध्ये नाही आणि ठेवायचा हट्टही करू नका. ३२ बिट एक्सपी यूईएफआयमधून उठत नाही, नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर त्याला मिळत नाहीत आणि त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलाय. ते डेबियनच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या नकली मशीनमध्ये, ठेवलंय, त्यासाठी केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर हे प्रोग्राम, एक जीबी रॅम दिली तरी पळतं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची यूएसबी डोंगल (ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) असते ती व्हर्ट-मॅनेजरमधून त्या मशीनला जोडून द्यायची, आत ती खरी लावल्यासारखी दिसते. नेटवर्क कार्ड मात्र काढून टाकलंय, एक्सपीला इंटरनेट अजिबात द्यायचं नाही.

तुमचं मशीन जुनं बायॉसवालं असेल तर रेफाइंडच्या नादी लागू नका, तिथे ग्रबच बरं. आणि लिनक्स महिन्यातून एखाद्या वेळीच लागत असेल तर दुसरी एसएसडी घेण्याआधी विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) लावून बघा, टेसरॅक्ट आणि स्क्रिप्टा त्यातही चालतात. आमच्याकडे लिनक्स रोज लागतं, तासन् तास लागतं, म्हणून पूर्ण मशीन त्याच्या हवाली करायची ही सोय हवीच होती.