खाशाबा जाधव क्रीडा संकुल, पुणे विद्यापीठ: पावसाळाभर धावल्यानंतर

माझी शर्यत 800 मीटरची. शाळेपासून मुरमाच्या मैदानावर, फक्कीच्या रेषांमध्ये धावत आले. पाऊस लागला की रेषा वाहून जायच्या, सराव डांबरी रस्त्यावर यायचा आणि नडग्या ठणकायला लागायच्या. उन्हाळ्यापासून मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सिंथेटिक ट्रॅकवर सराव करतेय. भर जुलैतही इंटरव्हल्स (जोरात धावणं आणि विसावा आलटून-पालटून) बुडले नाहीत. वळणावर पाय सरकत नाही, नडग्यांचं दुखणं थांबलंय.

स्पाइक्सचे खिळे 9 मिलिमीटरपेक्षा लांब नकोत, रबर फाटतं. वेळ लावून धावायचं नसेल तर आतली लेन सोडा. मात्र बाहेर फेरी लांबते. आठव्या लेनमध्ये ती 400 ऐवजी साधारण 453 मीटर भरते. मे महिन्यात दुपारी ट्रॅक तापतो, त्यामुळे सकाळच बरी.

संकुलाला खाशाबांचं नाव आहे याचा मला फार आनंद आहे. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथे पाठवायला कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. कुठल्याही शिक्षकावर ती वेळ येऊ नये, म्हणून तरी विद्यापीठांनी खेळावर हात सैल सोडून खर्च करावा.

आणि नाचावरही. याच आवारात 1987 पासून ललित कला केंद्र आहे. सराव नसेल त्या संध्याकाळी मी तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग बघायला जाते. कथक करणारी मुलगी तळवा आपटते तेव्हा माझी नजर आधी जमिनीकडे जाते. तिच्या घोट्या-गुडघ्यांवर माझ्याइतकाच मार बसतो. कुठल्याही विद्यापीठात सांस्कृतिक संकुलाचा विषय निघाला की सभागृहाच्या खुर्च्या आणि दर्शनी भाग यांवर बोलणं होतं. माझ्या मते पहिला पैसा तालमीच्या खोलीतल्या लवचिक लाकडी जमिनीवर जायला हवा.

ट्रॅकचा वरचा थर साधारण आठ-दहा वर्षांत नव्याने घालावा लागतो. त्याची रक्कम दरवर्षीच्या अंदाजपत्रकात आत्तापासून बाजूला काढावी. लांब उडीच्या खड्ड्यातून ट्रॅकवर उडालेली वाळूही रोज झाडायला हवी, ती थर झिजवते. बाहेरून येणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क क्रीडा विभागात आधी विचारून घ्यावं.