महिला गटाने शिवलेले कापडी पॅड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

महिलांच्या छोट्या उद्योगातून आलेली वस्तू आपण पुष्कळदा कौतुकापोटी घेतो. पण असा उद्योग टिकतो तो दुसऱ्या खरेदीवर, आणि दुसरी खरेदी कोणी कौतुकापोटी करत नाही. म्हणून पाच जणींच्या एका गटाकडून घेतलेले मासिक पाळीचे हे धुऊन वापरायचे पॅड वस्तू म्हणून कसे आहेत, ते आधी सांगते.

अंगाला लागणारा थर सुती फ्लॅनेलचा, आत शोषून घेणारे चार थर आणि खाली पॉलियुरेथेनचा, म्हणजे ओल झिरपू न देणाऱ्या प्लास्टिकचा, पातळ लेप दिलेले कापड, अशी रचना आहे. या खालच्या कापडाला सुईने पडलेले प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीची वाट असते. त्यामुळे मधल्या भागात खालपर्यंत जाणारा एकही टाका न घालता सगळी शिवण कडेने फिरवली आहे. शिवणारीने स्वतः पॅड वापरल्याशिवाय ही गोष्ट सुचणे कठीण. आठ महिन्यांत गळती एकदाही झाली नाही.

धुण्याच्या सूचनाही नेमक्या आहेत. आधी थंड पाण्यात भिजवायचे, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने घट्ट होऊन डाग पक्का बसतो. आणि कापड मऊ करणारे द्रावण वापरायचे नाही, कारण त्याचा थर बसला की शोषण कमी होते.

उणिवा दोन. चारही थर एकत्र शिवल्यामुळे दमट हवेत पॅड लवकर वाळत नाही. आतले थर काढता येतील असा खिसा केल्यास ही अडचण सुटेल. शिवाय तिसऱ्या महिन्यात एक टिचबटण निघाले, ते मात्र गटाने विनामूल्य बसवून दिले.

हिशेबाची वही या पाच जणींच्याच हातात आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येकीला नगामागे मजुरी मिळते, उरलेली रक्कम सामाईक निधीत जाते आणि दुसरे शिलाई यंत्र त्यातूनच आले. मात्र वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूचे गिऱ्हाईक लवकर परतत नाही, ही त्यांची खरी अडचण आहे. दर्जा उतरवून ती सोडवायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे. त्याऐवजी दुरुस्तीचे काम आणि किशोरवयीन मुलींसाठी लहान माप त्यांनी सुरू केले आहे.

त्या लहान मापाचा एक संच मी भाचीसाठी मागवला आहे.