हाय जी का लो जी? युकुलेलेवर (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) अर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे सुरांच्या गटाचे, सूर एकेक करून वाजवणं) शिकणाऱ्यासाठी

पुतण्या विचारून राह्यला, काका चौथी तार हाय जीच (वरचा जी सूर) ठेवू का लो जी (एक सप्तक खालचा जी) लावू. आवाज पाह्यला तर सी कॉर्ड धरून चौथीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेड, लो जीत सूर सरळ चढत जातात, हाय जीत पहिलाच सूर पुढच्या सी अन् ई सुरांच्या वरचा, म्हणून चाल गोल फिरल्यासारखी वाटते, मले तर युकुलेलेची गंमत तीच वाटते. खर्चात लो जीची एकच तार बदलाची पण ती जाड, नटची (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीची) खाच घासावी लागू शकते अन् गावाकडं कोन घासून देणार, नागपूर गाठा. बोटांची मेहनत सारखीच. गाण्यामागं वाजवाचं तर हाय जी, एकट्यानं पूर्ण चाल वाजवाची तर लो जी.